उतरत्या पाण्यातले मासे

वऱ्हाडात मासेमारी म्हटली की डोळ्यांपुढे धरण येतं. महानचं काटेपूर्णा, मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, नाहीतर अचलपूरच्या अंगाला सापन आणि चंद्रभागा. पहाटे जाळी ओढायची आणि ऊन वर यायच्या आत माल बाजारात पोचवायचा. टोपलीत रोहू, कटला, मृगळ आणि अलीकडे जिकडेतिकडे पसरलेली चिलापी. यातला बराचसा मासा मत्स्यबीज सोडून वाढवलेला असतो. वाहत्या, उथळ, तळ दिसणाऱ्या पाण्यातला मासा पाहायचा असेल, त्याला गळाने खेळवायचं असेल, तर मात्र वऱ्हाडातल्या माणसाला सातपुडा चढावा लागतो. अकोल्याहून निघालं तर हा प्रवास एका दिवसात होतो आणि त्या एका दिवसात नदी नावाच्या गोष्टीचे दोन टोकांचे प्रकार पाहायला मिळतात.

पहिला प्रकार पूर्णेचा. अकोला सोडून म्हैसांगमार्गे दर्यापूरकडे जाताना ती आडवी येते. अकोटच्या रस्त्याला लागलात तर गांधीग्रामला भेटते. श्रावणात याच गांधीग्रामचं पाणी खांद्यावरच्या कावडीतून अकोल्याच्या राजराजेश्वराला जातं, त्यामुळे अकोलेकराला पूर्णेचं कौतुक असतं. पण तिचा तळ पाहिलेला माणूस सापडणं कठीण. बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीजवळ उगम पावलेली ही नदी सातपुडा उतरून सपाटीला लागते आणि अमरावती, अकोला, बुलडाणा ओलांडून चांगदेवला तापीला मिळते. मधल्या सगळ्या वाटेवर तिच्या दोन्ही अंगांना शेकडो मीटर खोल गाळाची माती आहे. हाच आपला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, जमीन चिकण, उतार नावापुरता. सोडियम जास्त असलेली ही चिकणमाती पाण्यात लवकर खाली बसत नाही. म्हणून पूर्णेचं पाणी पावसाळा सरून गेल्यावरही मळकट राहतं. तिच्यात मरळ असते, वाम असते, शिंगाळा असतो. गढूळ पाण्यात मिशांनी चाचपत किंवा गाळात दबा धरून जगणारे हे मासे. त्यांना धरायला जाळं लागतं, रात्रभर टाकून ठेवायचे गळ लागतात. माशाने आपल्याला पाहिलं काय आणि नाही काय, तिथे फारसा फरक पडत नाही.

दुसरा प्रकार पाहायचा तर अंजनगाव, परतवाडा करत पुढे जायचं. अमरावतीहून येणाऱ्याला परतवाडा सुमारे ५० किलोमीटर पडतं आणि वाटेत आसेगावला पूर्णा ओलांडावी लागते. परतवाड्यात माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी राहतात. मुलांना गणित शिकवण्यात उमेद गेली, आता हिवाळ्यात वेळूची काठी घेऊन तापीच्या काठी बसतात. माघाच्या सुरुवातीला त्यांचा निरोप आला, ‘पानी उतरलं, या.’ त्यांच्या जुन्या जीपमधून आम्ही बिहाली, घटांग करत सेमाडोहकडे निघालो.

घटांगच्या पुढे रस्ता सागाच्या रानात शिरतो. माघात सागाची पानं वाळून तांबूस झालेली असतात, चाकाखाली कडकड वाजतात. इथून खाली उतरणाऱ्या सगळ्या नद्या, खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार, शेवटी तापीलाच जातात. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. त्यामुळे या नद्यांच्या पाणलोटातलं रान पन्नास वर्षं बऱ्यापैकी राखलं गेलं. त्याचा परिणाम सिपनेच्या पाण्यात दिसतो. डोंगर बेसाल्टचे, माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली, त्यामुळे पूर ओसरला की पंधरा-वीस दिवसांत पाणी निवळतं. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते. माघात ती घोट्यापर्यंत येते आणि एका डोहातून दुसऱ्या डोहात खळखळत उतरते.

कोलकासला वन विभागाचं विश्रामगृह उंचावर आहे आणि खाली सिपना मोठं वळण घेते. सकाळी साडेआठच्या सुमाराला ऊन तिरपं पाण्यात शिरलं की वरूनसुद्धा डोहाचा तळ दिसतो. गोल गोटे, त्यांच्यावर शेवाळाची पातळ साय, मध्येच बुडालेलं सागाचं पान. गुरुजींनी मला पोलराइड चष्मा दिला. पाण्यावरची चकाकी गेली आणि आतापर्यंत सावल्या वाटत होत्या ते मासे निघाले. सगळ्यांची तोंडं धारेकडे. त्यांना हलायची गरज नव्हती. धारच खाणं आणून देत होती.

उथळ धारेत बोटाएवढे चपळ मासे होते. रुपेरी अंग, त्यावर निळसर उभ्या पट्ट्या. पाण्यावर किडा पडला की एकदम वर येऊन उचलायचे आणि परत जागेवर. शास्त्रात याला बॅरिलियस म्हणतात. त्यातल्या ‘बॅरिलियस बेंडेलिसिस’ या जातीचं पहिलं वर्णन फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टनने १८०७ मध्ये म्हैसूर मुलखातल्या वेदावती नदीवरून केलं. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘इंडियन हिल ट्राउट’ असंही नाव आहे. नात्याने हा ट्राउट नव्हे. रोहू-कटल्याच्याच विशाल कुळातला आहे. पण स्वच्छ, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि वरून पडणारे किडे, हे दोन्ही त्याला ट्राउटसारखेच लागतात.

खरा ट्राउट वऱ्हाडात येणं शक्य नाही. तो थंड मुलखाचा मासा आहे. इंग्रजांनी स्कॉटलंडहून अंडी आणून १९०० मध्ये तो काश्मिरात रुजवला, पुढे कुलूच्या खोऱ्यात आणि निलगिरीतही नेला. पाणी २० अंशांच्या वर बराच काळ राहिलं की त्याचे हाल सुरू होतात. यामागे साधं गणित आहे. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. मेळघाट थोडा थंड असला तरी उन्हाळ्यातलं सिपनेचं पाणी ट्राउटला मानवणारं नाही. इथल्या माशांनी मात्र या उन्हाळ्याशी जुळवून घेतलंय. धार आटली की ते डोहात उतरतात. अर्जुन, जांभूळ, उंबर अशा झाडांच्या सावलीतले खोल डोह जूनपर्यंत थंड राहतात, आणि सातपुड्याची नदी उन्हाळाभर त्या डोहांत जिवंत असते.

व्याघ्र प्रकल्पात गळ टाकायला मनाई आहे आणि ती योग्य आहे. कोलकासला काठी गाडीतच राहिली. इथे पाण्यात उतरणंही शहाणपणाचं नाही. मार्च १९९० आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये गडगा नदीच्या सिद्धू कुंडात आणि डोलारच्या हत्तीकुंडात मगरी सोडल्या होत्या. माशांवर त्यांचा हक्क आपल्याआधीचा. पण निरखायला कुणाची ना नाही, आणि उथळ पाण्यातली मासेमारी नव्वद टक्के निरखण्यातच असते, असं गुरुजींचं मत.

हरिसालवरून आम्ही धारणी गाठली. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, तापीच्या काठी गेलो. इथे तापी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरून वाहते. माघात तिचं निम्मं पात्र उघडं पडतं. काळ्या खडकांच्या लाद्या, मधून बोळासारख्या वाटांनी पळणारं पाणी, आणि खडक संपतात तिथे हिरवट डोह. काठावर एक भोई काका जाळं झाडत बसले होते. गुरुजींची त्यांची जुनी ओळख. या गावच्या डोहावर कुणी बाहेरचा आला की आधी त्यांना विचारायचं, हा रिवाज.

‘काका, बसू का वरच्या डोहावर?’

‘बसा ना जी. पण भाऊले सांगा, सावली पान्यात पडू देऊ नोका म्हना. आन् पाय घासत नोका चालू. गोटे हालले का तिले समजते.’

त्यांच्या या दोन वाक्यांत ट्राउटच्या जाडजूड पुस्तकांतली दोन प्रकरणं आली. माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना एक संवेदनशील रेघ असते. पाण्यातली थरथर तिला कळते, काठावर आपटलेला पायसुद्धा. डोळ्यांचं काम आणखी नवलाचं. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. मासा दोन फूट खोल असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर ही खिडकी साडेचार फूट रुंद असते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा असतो, त्यात नदीचाच तळ उलटा दिसतो. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्या खिडकीत येतो. तोच माणूस वाकून, पाण्याच्या पातळीला धरून राहिला तर तिच्या कडेला चेपला जातो, जवळपास नाहीसा होतो. म्हणून गुरुजी शेवटची वीस पावलं उकिडवे सरकत गेले, आणि तेही डोहाच्या खालच्या अंगाने. माशाचं तोंड धारेकडे, म्हणजे आपण त्याच्या पाठीशी.

त्यांची सामग्री बघून शहरातल्या दुकानदाराला हसू येईल. दहा फुटी वेळू, टोकाला बांधलेला नायलॉनचा धागा, रीळ नाही. धागा इतका बारीक की उन्हात धरल्याशिवाय दिसत नव्हता. उथळ पाण्यात जाड दोरी माशाला आपल्याआधी दिसते. शिसं लावलेलं नव्हतं, कारण शिसं पडलं की ‘डुबुक’ होतं आणि डोह तासभर सुना पडतो. तरंगायला ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. गळ लहान, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही.

आमिष म्हणून त्यांनी खिशातून पिकलं उंबर काढलं. डोहावर उंबराचं झाड वाकलेलं होतं आणि अधूनमधून एखादं फळ पाण्यात टपकत होतं. दर वेळी खालून एक करडी पाठ यायची, फळाभोवती एक फेरा घ्यायची आणि पाण्याला वळ उठवून फळ नाहीसं व्हायचं. महसीर उंबरं खातो. पावसाळ्यात किडे, गोगलगायी, लहान मासे, आणि काठची फळं पिकली की फळं. गुरुजींनी गळ उंबरात लपवला आणि झाडावरून फळ पडायची वाट पाहिली. एक फळ पडलं. त्याच्या मागोमाग त्यांनी आपलं सोडलं. आवाजात आवाज मिसळला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा मासा आला, फळापासून हातभर अंतरावर थांबला, मागे सरकला आणि निघून गेला. ‘धागा पाह्यला त्यानं,’ गुरुजी पुटपुटले. मग त्यांनी धागा चिमटीत धरून ओल्या मातीतून ओढला, म्हणजे त्याची चकाकी जाते. तिसऱ्या वेळी धांड्याचा तुकडा सरळ खाली गेला. वेळू कमानीसारखा वाकला, धागा डोह कापत खडकाकडे धावला. गुरुजी उठले, काठी आडवी करत माशाला खडकापासून ओढून मोकळ्या पाण्यात आणलं. रीळ नसल्यामुळे सगळा ताण मनगटावर. चार-पाच मिनिटांनी मासा उथळात आला.

दीड वितीचा महसीर. पाठ हिरवट करडी, कुशी सोनेरी झाक मारणाऱ्या, एकेक खवला अंगठ्याच्या नखाएवढा. जाड ओठ, त्यांच्या कडांना मिशांच्या दोन जोड्या, परांना तांबूस छटा. गुरुजींनी हात आधी पाण्यात बुडवून ओला केला. कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते. गळ काढला, दोन्ही हातांत माशाला धारेकडे तोंड करून धरलं. कल्ले उघडझाप करू लागले, शेपटीने जोर घेतला आणि मासा डोहात गेला. मासा पाण्याबाहेर जेमतेम दहा सेकंद होता.

महसीरचं कौतुक जुनं आहे. हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं, त्यात त्यांनी महसीरला थेट सामनच्या पंक्तीला बसवलं. दख्खनचा महसीर, ‘टॉर खुद्री’, कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये नोंदवला. नर्मदा-तापीच्या अंगाचा मासा म्हणजे ‘टॉर टॉर’. मध्य प्रदेशाने त्याला राज्यमाशाचा मान दिलाय. महाराष्ट्राने २०२३ मध्ये हा मान पापलेटला दिला, ते किनाऱ्याच्या दृष्टीने ठीकच आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज तयार होतं आणि तिथून ते देशभर गेलं. पण बीज सोडून नदी भरत नाही. महसीर पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर वर चढतो आणि गोट्यांच्या, खळखळत्या पाण्यात अंडी घालतो. मध्ये बंधारा आला की चढण थांबते. आणि चढायला मुळात मोठे मासे डोहात उरलेले असावे लागतात.

खरी गोम इथे आहे. पाणी उतरलं की मासा एकाच ठिकाणी गोळा होतो आणि दिसतोही. माघात हे उतरलेलं पाणी शिकाऱ्याचं कसब पाहतं, चैत्र-वैशाखात मात्र तोच स्वच्छ डोह माशांचा सापळा होतो. इथल्या कोरकूंना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गोट्यांची वळ घालून धार अरुंद करायची आणि तोंडाशी टोपली लावायची, बायकांनी उथळात लुगड्याच्या झोळीने झिंगे गोळा करायचे, अशा त्यांच्या रीती. गेळफळ किंवा हिंगणाचं फळ कुटून आटत्या डबक्यात टाकायचीही पद्धत मध्य भारतातल्या रानांत आहे. त्यातल्या फेसाळ द्रव्याने माशाचे कल्ले काम करेनासे होतात आणि मासा वर येतो. डबकं लहान, मासा तेवढाच, आणि पहिल्या पावसात विष वाहून जायचं. त्या फळांच्या जागी आता ब्लिचिंग पावडर आणि फवारणीचं औषध येतं, कधी सुरुंगाची कांडी, कधी विजेची तार. त्यात मोठ्या माशाबरोबर बोटुकली, बेडकं, झिंगे, किड्यांच्या अळ्या, सगळंच जातं. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच स्फोटकं आणि विष या दोन्हींवर बंदी घातली आहे. सव्वाशे वर्षं झाली त्याला.

दुपारी भोई काकांनी जाळ्यात आलेली वाम आणि दोन शिंगाळे दाखवले. लहान होते ते परत पाण्यात टाकलेले. त्यांच्याच घरी खोबऱ्या-खसखशीचा तिखटजाळ रस्सा आणि ज्वारीची भाकर झाली. जेवताना मी विचारलं, उन्हाळ्यात डोहावर राखण कोण करतं? ते हसले.

‘राखन कायची जी? गावातले पोट्टे आयकतात. बाहेरचा आला का मंग भांडन. रातच्याले येतात ना ते.’

महाडजवळ वाळण कोंडीचा डोह देवीचा, म्हणून तिथल्या महसीरला कुणी हात लावत नाही. देहूला इंद्रायणीच्या माशांना तुकोबांच्या गावाची पुण्याई आहे. कोलकासच्या डोहावर वनरक्षक आहे. धारणीच्या या डोहाला देव नाही, रक्षक नाही. त्याला फक्त शेजार आहे. तो शेजार जागा राहिला तर डोह राहतो.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पाणी निवळलेलं असतं, धार असते, मासा दमलेला नसतो. रेल्वेने येणाऱ्याला बडनेरा किंवा अमरावती, पुढे परतवाड्याहून धारणीच्या एस.टी. गाड्या. सेमाडोह, कोलकासला वन विभागाची राहायची सोय आहे, ती आधी राखून ठेवावी. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंद असतो. प्रकल्पाच्या हद्दीत काठी बाहेर काढू नये. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथे त्यांची परवानगी घ्यावी. नदीवर गावातल्या भोयांना विचारावं. कपडे मातकट रंगाचे, पोलराइड चष्मा, पातळ तळाचे बूट. गळाचा उलटा काटा घरूनच दाबून आणावा. खायला मासा हवा असेल तर चिलापी धरावी, ती कितीही धरली तरी नदीचं काही बिघडत नाही. उलट भलंच होतं. महसीर पाहावा, खेळवावा, सोडावा.

आणि होळी झाली की काठी माळ्यावर टाकावी. त्यापुढे डोहात उरतात ते मासे जूनच्या पहिल्या पुरात वर चढून अंडी घालणारे असतात. बियाण्याला ठेवलेली ज्वारी उपासमारीतही दळायला न काढणारा आपला शेतकरी आहे; डोहातल्या माशाचा हिशोब त्याला वेगळा समजावून सांगायची गरज पडू नये.